सतरा गाण्यांचा ताळेबंद

आज जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

परवा आमच्या सोसायटीच्या गटात एक मजकूर फिरत आला. फ्रेडी मर्क्युरी नावाचा जगप्रसिद्ध रॉक गायक म्हणे मूळचा पाचगणीचा, मराठी उत्तम बोलायचा, आणि आपण करंटे त्याला विसरलो. खाली पन्नास-साठ हात जोडलेले. मी 36 वर्षं बँकेत काढली, व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करायची सवय नाही. या माणसाशी माझा जुना, काहीसा घरगुती संबंध आहे म्हणून बसलो लिहायला. संबंध कसला ते सांगतोच, पण आधी ज्या वस्तूमुळे तो आला तिच्याबद्दल.

ती वस्तू म्हणजे एक कॅसेट. क्वीन या इंग्लंडच्या बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाचा संग्रह आहे, 26 ऑक्टोबर 1981 रोजी तिकडे ईएमआय कंपनीने काढलेला. बडोद्यात आमच्या घरी आला तो कुणाच्या तरी एलपीवरून साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून. आणला आमच्या बाळकाकांनी. वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ, माझ्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठे. गिटार वाजवायचे. लग्नाच्या स्वागतसमारंभात, नवरात्रात, गणपतीत, ऑर्केस्ट्रात, जिथे बोलावतील तिथे.

आता आमचं घर म्हणजे दांडिया बाजारातलं, गायकवाडी नोकरीतलं. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांकडून 1886 साली गायनशाळा काढून घेतली, त्याचा अभिमान आमच्या आजोबांना असा की जणू पहिली सही त्यांचीच. वडील सूरसागरजवळच्या संगीत कॉलेजातल्या मैफली चुकवत नसत. अशा घरात हे विजेचं गिटार. वडील म्हणायचे, "हा संगीत नाही करत, हा फर्निचर सरकवतो." सगळे हसायचे, मीही हसायचो.

तर हा संग्रह. संग्रह म्हणजे काय हे आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगतो. कंपनीने यंत्र घेतलं, दहा वर्षं घसारा काढला, पुस्तकात किंमत शून्य झाली, पण यंत्र उत्तम चालतंय. गाण्यांचं तसंच आहे. स्टुडिओचं भाडं, वादकांचा वेळ, जाहिरात हा सगळा खर्च जुन्या तबकड्यांच्या वेळीच वसूल झालेला असतो. नवीन खर्च म्हणजे वेष्टन, छपाई, थोडी जाहिरात. म्हणून कंपन्यांना असे संग्रह फार प्रिय, आणि म्हणून जाणकार नाक मुरडतात. ऑक्टोबरअखेरीस काढायचा म्हणजे नाताळच्या भेटीत खपतो, हेही गणित आहेच. क्वीनने तर त्याबरोबर चित्रफितींचा संग्रह आणि फोटोंचं पुस्तक अशी तिन्ही पाकिटं एकदम बाजारात आणली. मुखपृष्ठावरचा चौघांचा फोटो लॉर्ड स्नोडन यांचा, म्हणजे राजकन्या मार्गारेटच्या पूर्वीच्या यजमानांचा.

सतरा गाणी. इंग्लंडमध्ये हा संग्रह चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि मग कधी थांबलाच नाही. 2014 साली तिथे एखाद्या आल्बमने 60 लाखांचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला, तो याने. 2022 साली 70 लाख. (आता त्यात इंटरनेटवर ऐकलेलंही हिशेबात धरतात, तेव्हा हे सगळं दुकानातलं रोख विक्रीचं समजू नका.) इंग्लंडच्या इतिहासात सर्वांत जास्त खपलेला आल्बम हाच. बीटल्सचा सार्जंट पेपर तिसरा, आणि मधे ॲबाचा 'गोल्ड', म्हणजे तोही संग्रहच! जाणकारांनी नाक मुरडावं आणि लोकांनी उचलावं, ही रीत आपल्याकडच्या नाटकांनाही नवी नाही.

पण या सतरा गाण्यांत कोण किती आहे हे पाहिलंत तर खरी गंमत. क्वीनमध्ये चौघे, आणि चौघेही गाणी रचणारे. फ्रेडी मर्क्युरी गायक आणि पियानोवर. ब्रायन मे गिटारवर, खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्याने 2007 साली, साठीच्या घरात पूर्ण केली. त्याचं गिटार त्याने मुलगा असताना वडिलांबरोबर घरी बनवलेलं, मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. बास गिटारवर जॉन डीकन, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, सर्वांत अबोल. ड्रमवर रॉजर टेलर, दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून आलेला. आता या यादीची टॅली मारतो. मर्क्युरीची गाणी दहा. ब्रायन मेची पाच. डीकनची दोन. टेलरचं एकही नाही.

दहा, पाच, दोन, शून्य. एकूण सतरा. बेरीज बरोबर.

शून्य म्हणजे टेलर कमी होता असं नाही. बाकीच्या सतराही गाण्यांत ठेका त्याचा आहे, आणि वरच्या पट्टीतला तो किंचाळणारा आवाजही बऱ्याचदा त्याचाच. पण कायद्याने गाणं ज्याने रचलं त्याला रचनाकाराचं मानधन वेगळं मिळतं, वाजवणाऱ्याला वेगळं. त्यावरून या चौघांत वर्षानुवर्षं धुसफूस. 1975 साली 'बोहेमियन रॅप्सडी' निघालं तेव्हा त्या लहान तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं मोटारगाडीवरचं एक गाणं गेलं. ते घ्यावं म्हणून तो स्टुडिओतल्या कपाटात दडी मारून बसला होता असा किस्सा सांगतात. मेख अशी की तबकडी एक विकली की दोन्ही बाजूंच्या रचनाकाराला मानधन सारखंच. पुढची बाजू लोकांनी हजार वेळा ऐकली आणि मागची एकदाही उलटली नाही, तरी खात्यात जमा रक्कम तेवढीच! हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात टेलरला आमच्या कर्ज विभागात घेऊन टाकलं.

'बोहेमियन रॅप्सडी' संग्रहात पहिलं आहे. जवळजवळ सहा मिनिटं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लागायचा तो काळ, कुणी लावणार नाही असं कंपनीचं मत. केनी एव्हरेट नावाच्या लंडनच्या निवेदकाने दोन दिवसांत ते चौदा वेळा लावलं आणि मग तबकडी नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. मधल्या ऑपेराच्या भागात तिघांचे आवाज एकावर एक इतक्यांदा चढवले की फीत घासून पलीकडचं दिसायला लागलं, असं ती मंडळी सांगत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं चार वेगवेगळी गाणी चुकून एकामागे एक भरली आहेत. बाळकाका म्हणाले, "अरे, चीज संपली की तराणा येतो ना? इथे तराणा मधेच येतो, इतकंच." हे वडिलांसमोर बोलायची सोय नव्हती.

त्या यशाआधीची एक बाब बँकवाल्याला चटका लावणारी आहे. 1975 च्या सुरुवातीला क्वीनची गाणी वाजत होती, जपानात विमानतळावर गर्दी होत होती, आणि हे चौघे आठवड्याला साठ पौंड पगारावर. स्टुडिओचा वेळ, वाद्यं, दिवे, सगळं व्यवस्थापन कंपनीने आधी पुरवलेलं आणि यांच्या नावे मांडलेलं. उत्पन्न येणार महिन्यांनी, खर्च मात्र आजचा आज खात्यावर. डीकनचं नुकतंच लग्न झालेलं, घरासाठी उचल मागितली ती मिळाली नाही. नाव मोठं, पासबुकात खडखडाट. अशी खाती मी पाहिलेली आहेत, त्यामुळे मला त्यात कुणी खलनायक दिसत नाही. सुटका व्हायला मात्र वकील लागला.

आता वगळलेल्याचं बघू. संग्रह क्रमाने लावलेला नाही. 1975 च्या गाण्यापाठोपाठ 1980 चं येतं. आणि बँडची पहिली तबकडी, 1973 सालची 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', ती यात नाहीच, कारण ती पडली होती. पडलेल्याला 'हिट' कसं म्हणणार? अमेरिकेत दुसऱ्या कंपनीने त्याच नावाने, त्याच वर्षी संग्रह काढला, तिथे मात्र ती घेतली. डेव्हिड बोवीबरोबरचं ताजं 'अंडर प्रेशर' अमेरिकेच्या यादीत आहे, इंग्लंडच्या नाही. नाव एक, दशक एक, माणसं तीच, आणि यादी मात्र देशोदेशी निराळी. एकाच आजोबांबद्दल बडोद्याची शाखा वेगळं सांगते आणि इंदूरची वेगळं, तसंच.

आता मूळ प्रश्न. 1984 ते 87 मी वलसाड शाखेत होतो. बाळकाका एकदा चार दिवस राहायला आले, पिशवीत कॅसेट. लावली आणि म्हणाले, "हा तुझ्या गावचा माणूस." मला वाटलं थट्टा. तर म्हणाले, "याचं खरं आडनाव बलसारा. तू कुठे नोकरी करतोस?"

वलसाडचं जुनं नाव बलसार, हे तुमच्यापैकी जुन्या रेल्वेच्या पाट्या पाहिलेल्यांना आठवेल. शेजारचं नवसारी गायकवाडांचं, बलसार इंग्रजी मुलखातलं. पारशांची जुनी वस्ती, उदवाडा जवळच. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आलेल्या एका वृद्ध पारशी खातेदाराला मी विचारलं तर ते पासबुकातून डोकं न काढता म्हणाले, "बलसारा तो अहीं घणा, साहेब." संपला विषय.

तर नोंदी अशा. फारुख बलसारा, जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार. घर पारशी. वडील बोमी बलसारा तिथल्या हायकोर्टात रोखपाल, म्हणजे आमच्याच बिरादरीचे. आठव्या वर्षी मुलाला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहाला धाडलं. 'फ्रेडी' हे नाव तिथलंच. पियानो तिथे शिकला. 1958 च्या सुमारास मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर, मुख्य गायक दुसराच मुलगा! 1963 ला झांझिबारला परत, पुढच्या वर्षी तिथे क्रांती झाली, आणि घरदार सोडून कुटुंब लंडनजवळच्या फेल्थमला आलं. चित्रकलेचं शिक्षण, विमानतळावर सामान उचलायची नोकरी, केन्सिंग्टन मार्केटात रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचं दुकान. 1970 ला क्वीन, आणि त्याच सुमारास बलसाराचा मर्क्युरी झाला.

म्हणजे पाचगणीत आठेक वर्षं राहिला हे खरं. 'आपला मराठी मुलगा' हे मात्र खोटं. मराठी उत्तम बोलायचा याचा कागद मला कुठे सापडला नाही, म्हणून ती नोंद मी करणार नाही. इंग्रजी शाळा, वसतिगृह, सुट्टीत मुंबईचे नातेवाईक. गाव बलसार, जन्म झांझिबार, शाळा पाचगणी, दफ्तर लंडन. आडनावातलं गाव आणि पायाखालचं गाव यांचा संबंध किती उरतो, हे आपल्या लोकांना शिकवायला नको. हिराबाई बडोदेकर जन्मल्या मिरजेला, मोठ्या झाल्या पुण्या-मुंबईच्या मैफलींत, आणि नावात मात्र आमचं बडोदं, कारण आई ताराबाई बडोद्याच्या. आम्ही बडोदेकर त्यांच्यावर हक्क सांगतो तेव्हा मिरजकर हसत असतील. आणि आमच्या स्वतःच्या आडनावातल्या कोकणातल्या गावी मी आयुष्यात दोनदा गेलोय. दुसऱ्यांदा तर बसस्टँडवर विचारलं, "पाव्हणे कुठले?"

मर्क्युरी स्वतः झांझिबार-पाचगणीबद्दल मुलाखतींत फार बोलत नसे. काही लोक म्हणतात लाज वाटायची. मी तसं म्हणणार नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रंगावरून, नावावरून जे ऐकावं लागे ते पाहता त्याने आपली यादी आपण लावली असेल. पहिली काही वर्षं त्यात नाहीत, जशी पहिली तबकडी नाही. वारला 24 नोव्हेंबर 1991 ला, एड्सने, वय 45. आजार असल्याचं जाहीर केलं ते आदल्या दिवशी. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. एवढी वर्षं जे यादीत नव्हतं ते शेवटच्या पानावर आलं. त्याच्या आधी महिनाभर संग्रहाचा दुसरा भाग निघालेला होता. त्यात टेलरची 'रेडिओ गागा' आणि 'अ काइंड ऑफ मॅजिक' आहेत, म्हणजे शून्य पुसलं गेलं. आणि 1989 च्या आल्बमपासून चौघांनी ठरवलं की कुणीही रचलं तरी गाणं क्वीनच्या नावावर. एवढ्या भांडणानंतर हे शहाणपण, तेही फ्रेडी आजारी असताना.

आता माझी नोंद, जिच्यासाठी हा सगळा पसारा.

2003 साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला. संपादक मी. बँकेतून आलेला शिस्तीचा माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. पानं मर्यादित, प्रत्येकाची माहिती मागवली, कात्री लावली. माझ्या वडिलांच्या चौदा ओळी आहेत. माझ्या स्वतःच्या अकरा, त्यात शाखांची नावंसुद्धा. बाळकाकांची एक ओळ. 'खासगी नोकरी. अविवाहित. निधन 1994.'

खासगी नोकरी म्हणजे एका गोदामात हिशेब लिहायचे, तेही सलग नाही. गिटारचा उल्लेख नाही. कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. मलाच ते 'माहिती'त बसेल असं वाटलं नाही. वाचून कुणी तक्रारही केली नाही, कारण तक्रार करणारं त्यांचं माणूस नव्हतं. शेवटची तीन वर्षं ते रावपुऱ्यात एका खोलीत एकटे राहत. मी महिन्याकाठी एकदा जायचो, पैशाचं पाकीट ठेवायचो, घड्याळ बघायचो. सामान आवरताना गिटार मिळालं नाही, बहुधा विकलं असावं. कॅसेट मिळाली, ती मी घरी आणून कपाटात टाकली.

यंदा तो मजकूर आल्यावर काढली. फीत चिकटलीय, वाजत नाही. आतला कागद मात्र शाबूत आहे. बाळकाकांच्या अक्षरात सतरा गाणी, पुढे प्रत्येकाची मिनिटं-सेकंद, आणि दोन्ही बाजूंच्या खाली बेरीज मारलेली. पहिली बाजू 28 मिनिटं 46 सेकंद, दुसरी 28 मिनिटं 50. तीस मिनिटांच्या बाजूत बसतंय की नाही हे त्यांनी उतरवायच्या आधी तपासलं होतं. मी पुन्हा बेरीज केली, एक सेकंदाचीही चूक नाही. तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, 'बोवीबरोबरचं यात नाही, शोधणे'. आणि गाण्यांसमोर पेन्सिलने अक्षरं, फ्रे, ब्रा, जॉ. टेलरचं अक्षर कुठेच नाही, म्हणून कोपऱ्यात लिहून ठेवलंय, 'ड्रम सर्वत्र रॉजर'.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढतोय. 1965 ते 1985 या काळात बडोद्यात, नवसारीत किंवा सुरतेत गणपती-नवरात्राच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे उंच, चष्मा लावणारे, डावखुरे असे कुणी बाळकाका तुमच्यापैकी कोणाला आठवत असतील, कुणाच्या लग्नाच्या आल्बममध्ये मागच्या रांगेत दिसत असतील, तर कृपया कळवा. फोटो अंधुक असला तरी चालेल. कुठल्या गाण्यात वाजवलं, कुणाबरोबर वाजवलं, एवढं समजलं तरी पुष्कळ आहे. छपाईला अजून चार महिने आहेत.